समाजशास्त्राच्या पदवीचा ताळेबंद

बारावीचे निकाल लागले की दिल्लीतील मराठी कुटुंबांत, विशेषतः सरकारी वसाहतींत, एक प्रश्न हमखास निघतो: समाजशास्त्र घेऊन पुढे काय? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर बहुधा अभियंत्याच्या पहिल्या पगाराशी तुलना करून दिले जाते आणि तिथेच हिशेब चुकतो. अभियंत्याला बाजार विकत घेतो. समाजशास्त्राच्या पदवीधराचा मुख्य ग्राहक शासन आहे. हा ग्राहक माल वापरतो, पण दाम द्यायला तयार नसतो.

आधी खर्चाची बाजू. केंद्रीय विद्यापीठात शिक्षणशुल्क हा या खर्चाचा लहानसा भाग असतो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ च्या अखेरीस जे आंदोलन पेटले, ते वसतिगृहासाठी होते. एकट्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० वर नेण्याचा आणि वर सेवाशुल्क आकारण्याचा तो प्रस्ताव होता. राजधानीत त्याची थट्टाही झाली. पण लातूर किंवा यवतमाळहून आलेल्या मुलाचा खरा खर्च राहण्याजेवण्याचा आणि त्याहूनही वर्षांचा असतो. बाहेर खोली घेऊन महिना १५ हजारांत भागते असे धरले, तरी एम.ए.च्या दोन वर्षांचे ३ लाख ६० हजार होतात. गावाकडे मिळू शकणारी २० हजारांची नोकरी त्याने सोडली असे मानले, तर आणखी ४ लाख ८० हजार. ही दुसरी रक्कम कोणत्याही पावतीवर दिसत नाही, पण घरचे ती विसरत नाहीत.

आता जमेची बाजू. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, वरिष्ठ ४२ हजार. सातव्या वेतन आयोगानुसार कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते. कागदावर हे वाईट नाही. पण या दोन आकड्यांच्या मध्ये जो लांबलचक पट्टा आहे, त्यात माणसाची उमेदीची वर्षे निघून जातात. अतिथी अध्यापकास प्रत्येक व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला फार तर ५० हजार, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ठरवले. ही कमाल मर्यादा आहे. व्याख्याने मिळतील याची हमी नाही आणि सुट्टीतल्या महिन्यांचे काही नाही. महाराष्ट्रात ‘तासिका तत्त्व’ हा शब्द उच्चारला की पुढचे सांगावे लागत नाही. ज्याच्या घरी निवृत्तिवेतन आणि स्वतःचे छप्पर आहे, तो दहा वर्षे वाट पाहू शकतो. घराण्यातला पहिला पदवीधर पाहू शकत नाही. समाजातील विषमतेचा अभ्यास कोणी करायचा, हेही त्या विषमतेनेच ठरवावे, असा हा प्रकार आहे.

गंमत अशी की, राजेंद्रनगरच्या शिकवणीवर्गांत याच विषयाला चांगला भाव आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १,७५० पैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे असतात आणि समाजशास्त्र घेणाऱ्यांत अभियंतेही असतात. बार्टी, सारथी यांसारख्या राज्याच्या संस्था दिल्लीतील प्रशिक्षणाचा भार उचलतात, हे योग्यच. पण विषय परीक्षेपुरता उपयोगी आणि परीक्षेनंतर अनावश्यक, असे खुद्द प्रशासनच मानू लागले तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राने घेतला आहे.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेली माहिती मागितली. राज्याकडे ती नव्हती. म्हणून राज्याने २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीची आकडेवारी केंद्राकडे मागितली. केंद्राचे उत्तर होते की ती वापरण्याजोगी नाही: १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या, २०११ च्या पाहणीत ४६ लाखांहून अधिक नावे नोंदली गेली. एकाच जातीची नावे अनेक प्रकारे लिहिली गेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याची याचिका फेटाळली गेली. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्येच समाजशास्त्राचा विभाग निघाला, घुर्ये यांनी तिथे जातिव्यवस्थेच्या अभ्यासाची परंपरा उभी केली आणि त्यांचे शिष्य श्रीनिवास यांनी १९५९ मध्ये दिल्लीतला विभाग स्थापला. त्या मुंबईच्या राज्यावर ही पाळी यावी!

भूसंपादनाचेही तेच. २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे केले आणि ते तपासणाऱ्या तज्ज्ञगटात दोन बिगरसरकारी सामाजिक शास्त्रज्ञ हवेत असे सांगितले. कामाचा एक रीतसर मार्ग खुला झाला होता. पुढे गुजरातने २०१६ मध्ये आणि नंतर महाराष्ट्रासह काही राज्यांनी अनेक प्रकारच्या प्रकल्पांना त्या अटीतून सूट देण्याची तरतूद करून घेतली.

अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या पदवीधरांसाठी १९६१ पासून स्वतंत्र केंद्रीय सेवा आहेत. समाजशास्त्राला अशी सेवा नाही. जातनिहाय नोंदींसह होणाऱ्या जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे. गोळा झालेल्या लाखो नावांतून आडनाव कोणते, पोटजात कोणती, गोत्र कोणते हे वेगळे काढणे प्रगणकाचे काम नव्हे; त्यासाठी प्रत्येक राज्यात प्रशिक्षित समाजशास्त्रज्ञांची, निश्चित वेतनाची पदे लागतील. अशा पदांच्या प्रस्तावावर ज्यांच्या सह्या लागतात, त्यांपैकी काही अधिकारी याच राजधानीत, याच वसाहतींत राहतात.