‘बाय-वीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा?

लहान मुलांना रक्तवाढीसाठी लोहाचे पातळ औषध किती वेळा द्यायचे? केंद्राच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाच्या इंग्रजी कागदात याचे उत्तर एका शब्दात आहे : ‘बाय-वीकली’. वय ६ ते ५९ महिने, दर वेळी १ मिलिलिटर. शब्द सोपा वाटतो. पण कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा, या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी दिसतील. एक, आठवड्यातून दोनदा. दुसरा, दोन आठवड्यांतून एकदा. आणि दोन्ही बरोबर!

घोळ आहे तो ‘बाय’मध्ये. लॅटिनमधून आलेल्या या उपसर्गाचा अर्थ ‘दोन’ किंवा ‘दोनदा’. पण काय दोन? वेळा दोन की आठवडे दोन? ते शब्द सांगत नाही. ‘बाय-मंथली’चेही तेच. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण ‘बाय-मंथली’ म्हणजे दर दोन महिन्यांनी, वर्षातून सहा वेळा जाहीर होते. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र ‘बाय-वीकली एक्स्प्रेस’ म्हणजे आठवड्यातून दोन दिवस धावणारी गाडी. अमेरिकेत पगार ‘बाय-वीकली’ असेल तर तो दर दोन आठवड्यांनी मिळतो. तिकडच्या कंपनीचे काम घरबसल्या करणाऱ्या आपल्या मुलांनी करारातला हा शब्द आधीच विचारून घेतलेला बरा. घरभाडे महिन्यानेच द्यावे लागते!

इंग्रजांकडे दोन आठवड्यांसाठी ‘फोर्टनाइट’ हा नेमका शब्द आहे. मूळ अर्थ चौदा रात्री. अमेरिकेत तो फारसा रुळला नाही, आणि तिथे सगळा भार ‘बाय-वीकली’वर पडला.

मराठीत ही अडचण कमी आहे. वृत्तपत्रांचेच पाहा. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते पाक्षिक म्हणून, आणि त्याच वर्षी ते साप्ताहिक झाले. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या पत्राला आपण अर्धसाप्ताहिक म्हणत आलो. पाक्षिक आणि अर्धसाप्ताहिक यांची गल्लत कुणी करत नाही. रोजच्या बोलण्यात तर ‘आठवड्यातून’मधला ‘-तून’ आणि ‘आठवड्यांनी’मधला ‘-नी’ सगळा हिशेब चुकता करतात. ‘दिवसाआड’सारखा शब्द तर पाण्याच्या नळाने प्रत्येक घरात पोहोचवला आहे.

अर्थात आपली भाषाही अगदी धुतल्या तांदळासारखी नाही. आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो आणि सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारी, म्हणजे सातव्या दिवशी येतो. ‘पंधरा दिवस’ म्हणजे चौदा. आणि ‘आठवड्याला दोन’ व ‘दोन आठवड्याला’ हे पटकन बोलून पाहा. तेच दोन शब्द, फक्त जागा बदलली.

आता जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावाचा विचार करा. दिल्लीत इंग्रजीत लिहिलेली सूचना मुंबई, परभणी, तालुका असे टप्पे घेत आशाताईंच्या वहीत येते, आणि तिथून आईच्या कानावर. वाटेत एखाद्याने ‘बाय-वीकली’चे ‘पंधरा दिवसांनी’ केले तर काय होईल? आठवड्यातून दोनदा म्हणजे वर्षाला १०४ मात्रा. पंधरवड्यातून एकदा म्हणजे २६. मुलाला औषध चौथा हिस्साच मिळेल, आणि आई मात्र म्हणेल की मी एकही पाळी चुकवली नाही. ते खरेच असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या या वयाच्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळले होते. तिथे शब्दाचा घोळ परवडणारा नाही.

या कार्यक्रमात योग्य अर्थ आठवड्यातून दोनदा हाच. पुरावा बाटलीतच आहे. कार्यक्रमातली बाटली ५० मिलिलिटरची. दोनदा दिली तर साधारण सहा महिन्यांत संपते. पंधरवड्याला एकदा दिली तर जवळपास दोन वर्षे पुरेल. औषधाची बाटली कुणी दोन वर्षांसाठी देत नाही.

उलट चूक त्याहून वाईट. सांधेवातावरचे मेथोट्रेक्झेट बहुतेक रुग्णांना आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. लोहाची जादा मात्राही लहान मुलांना घातक ठरते. म्हणून ‘राहिलेले भरून काढू’ असे करून आज दोन-तीन मात्रा एकदम देऊ नका. आशाताई किंवा आरोग्यसेविकेला विचारा.

आमचे म्हणणे सरकारी कागद लिहिणाऱ्यांना आहे. ‘बाय’ हा उपसर्ग औषधाच्या सूचनेतून काढून टाका. त्याऐवजी वार लिहा : ‘दर बुधवारी आणि शनिवारी’. वार कुणालाही समजतो, अक्षरओळख नसलेल्या आजीलासुद्धा. गावाचे सगळे आयुष्य बाजाराच्या वारावर चालते, तिला वार कोणता हे कॅलेंडर पाहून ठरवावे लागत नाही.

रेल्वेलाही हे करता येईल. तिच्या हिंदी-मराठी फलकांवरचे ‘द्वि-साप्ताहिक’ हे इंग्रजीचेच ओझे आहे. पाक्षिकाला सरावलेला वाचक त्याचा अर्थ ‘दोन आठवड्यांनी’ असा लावू शकतो. चारठाण्याहून सेलू किंवा परभणी गाठून गाडी धरणाऱ्याला ती कोणत्या दोन वारी आहे एवढेच हवे असते.