वणव्याशी लढाई उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यात

जठारपेठ (अकोला), प्रतिनिधी :

होळीच्या सुमारास सातपुड्याच्या रांगांवर रात्री दिसणारी आगीची माळ अकोट, तेल्हारा आणि परतवाडा परिसराला नवी नाही. वणवा लागतो, वनकर्मचारी आणि मजूर ओल्या फांद्या घेऊन धावतात, आग विझते आणि पहिल्या पावसाबरोबर तिची आठवणही वाहून जाते. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. मात्र वणव्याला लागणारे इंधन त्याच्या कितीतरी आधी तयार झालेले असते. पावसाळ्यात कमरेइतके वाढलेले गवत नोव्हेंबरपासून वाळू लागते आणि फेब्रुवारीत साग पानगळीला लागतो. सरकारी जमिनीवरील हे गवत आणि पाचोळा कोणी, केव्हा आणि कसा हटवायचा, हाच वणव्याचा मूळ प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ मेळघाटापुरता नाही. जठारपेठेसह अकोला शहराच्या नळाला येणारे पाणी महान येथील काटेपूर्णा धरणातून येते. या जलाशयाभोवतीचे सुमारे ७४ चौरस किलोमीटरचे जंगल १९८८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. जंगलातील गवत व पालापाचोळा जळून गेला की माती उघडी पडते. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत ती नाल्यावाटे जलाशयात उतरते आणि गाळाच्या रूपाने तिथेच बसते. पाणीटंचाईची झळ दर उन्हाळ्यात सोसणाऱ्या शहराला आपल्या धरणाभोवतीच्या वणव्याकडे दुरून पाहणे परवडणारे नाही.

आग लागत नाही, लावली जाते

येथील कोरड्या पानगळीच्या जंगलात वीज पडून वणवा लागणे हा अपवाद आहे. बहुतेक वेळा कारण माणूसच असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला कोवळी पालवी यावी, गुरांना हिरवे गवत मिळावे, याही समजुतीने काडी लावली जाते. जंगलालगतच्या शेतकऱ्यांनी पेटवलेला धुरा किंवा पऱ्हाटीचा ढीग वाऱ्याने जंगलात शिरतो. पायवाटेवर टाकलेली विडी तर नेहमीचीच.

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने वणवा लागल्यास त्या वनातील चराई व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकारही शासनाला आहे. मात्र शेकडो हेक्टरवर पसरलेल्या आगीत काडी कोणी टाकली, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. म्हणूनच शिक्षेच्या धाकापेक्षा इंधन कमी करण्यावर भर देण्याला पर्याय उरत नाही.

जाळरेषेचे गणित

इंधन कमी करण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे जाळरेषा. जंगलातून ठरावीक रुंदीचा पट्टा आखायचा, त्याच्या दोन्ही कडा कापून साफ करायच्या आणि मधले गवत थंडीच्या दिवसांत, देखरेखीखाली जाळून टाकायचे. पुढे वणवा आला तरी या मोकळ्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही उरत नाही. सातपुड्याला ही पद्धत अपरिचित नाही. कर्नल पिअर्सन यांनी १८६० च्या दशकात तत्कालीन मध्य प्रांतातील, हुशंगाबादजवळच्या बोरी जंगलात वणव्यापासून पद्धतशीर संरक्षण सुरू केले. देशातील अशा प्रयत्नांच्या प्रारंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते.

जाळरेषेचे यश वेळेवर अवलंबून असते. गवत हिरवे असताना ते जळत नाही आणि पूर्ण वाळल्यावर पेटवले तर रेषाच वणव्याला जन्म देते. मधले मोजके आठवडे कामाचे. त्या काळात मजूर मिळाले नाहीत किंवा निधी उशिरा पोहोचला, तर नंतर आलेला पैसा आग रोखण्याऐवजी आग विझवण्यावर खर्च होतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँक यांच्या २०१८ च्या संयुक्त अहवालातही अपुरा निधी आणि जाळरेषांची अपुरी देखभाल यांवर बोट ठेवण्यात आले होते.

विझवण्याच्या कामाची किंमत काय असू शकते, हे विदर्भाने पाहिले आहे. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन मजुरांचा होरपळून मृत्यू झाला. हिवाळ्यात न कापलेल्या गवताचा हिशेब उन्हाळ्यात सर्वांत कमी मजुरीवर राबणाऱ्या माणसाला चुकवावा लागतो.

उपग्रह आग दाखवतो

तंत्रज्ञानाने या लढाईत मोठी मदत केली आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या साह्याने वणव्याची सूचना देत आहे. पूर्वी एक किलोमीटरपर्यंत असलेली अचूकता आता ३७५ मीटरवर आली असून संदेश थेट भ्रमणध्वनीवर मिळतो. याच संस्थेच्या अहवालानुसार २०२३-२४ च्या हंगामात देशभरात दोन लाखांहून अधिक ठिकाणी आगीची नोंद झाली. पाचोळा उडवून वाट मोकळी करणारी ब्लोअर यंत्रेही आली आहेत. परंतु उपग्रह आग लागल्यावर बोलतो. दरीत उतरायला वनरक्षकाला लागणारा तास-दोन तासांचा वेळ तो कमी करू शकत नाही आणि गवतही कापू शकत नाही.

चारा की इंधन?

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये अस्तित्वात आला. आज त्याचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या प्रारंभी अकोट तालुक्यात पुनर्वसित झाली. पुढे आणखी गावे बाहेर आली. गावे उठली, गुरे गेली आणि जुन्या शेतांवर गवताची कुरणे उभी राहिली. सांबर, गवा आणि पर्यायाने वाघासाठी ही कुरणे वरदान ठरली. मात्र चरणारी गुरे नसलेले उंच, वाळलेले गवत ही वणव्यालाही मेजवानी असते. हवाईमधील माउई बेटावरील लाहैना शहर ऑगस्ट २०२३ मध्ये जळाले, तेव्हा शंभराहून अधिक बळी गेले. तेथेही बंद पडलेल्या ऊसमळ्यांवर माजलेल्या परदेशी गवताने आगीला वाट करून दिली होती.

मग सगळेच गवत कापून न्यावे काय? तसे करता येत नाही आणि करूही नये. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून मृत झाडे आणि गवत काढून नेण्यास मनाई केली. जंगलाच्या नावाखाली लूट होऊ नये, हा त्यामागील हेतू रास्त होता. गवत तृणभक्षी प्राण्यांचे अन्न आहे. मेळघाटातील दुर्मिळ रानपिंगळ्यासारखे पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत घरटी करतात. साफसफाईच्या उत्साहात जमीन सरसकट खरवडली, तर वणव्याइतकेच नुकसान होईल. तेव्हा गाभा क्षेत्रात वेळेवर केलेल्या जाळरेषा आणि त्याबाहेरील वनात व गावशिवारात गवताची कापणी, अशी दुहेरी रीत अवलंबावी लागेल.

यातील दुसऱ्या भागाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वऱ्हाडातील गावोगावी ई-वर्गाची गायरान जमीन आहे. रस्ते, कालवे आणि रेल्वेमार्गाच्या कडेलाही सरकारी गवत उभे असते. दुष्काळी वर्षांत पशुपालक कुटार आणि कडब्यासाठी वणवण फिरतात आणि त्याच वर्षी काही कोसांवर चाऱ्याजोगे गवत जळून खाक होते. तेच गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्यात सत्त्व असताना कापले, तर ते गोठ्यात जाईल. गवत पूर्ण वाळून तणस झाल्यावर कापणीला कोणीही पुढे येणार नाही.

पायविहीरचा धडा

हे काम कंत्राटदारापेक्षा गावाकडून अधिक चांगले होऊ शकते, याचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाला वनहक्क कायदा २००६ अन्वये २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने उजाड जंगलाची राखण स्वतःकडे घेतली. जंगलातील सीताफळांच्या विक्रीतून उत्पन्न सुरू झाले आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्काराने गावाचा गौरव झाला. ज्या झाडाचे फळ आपल्या पदरात पडणार आहे, त्याच्याखाली कोणी काडी लावत नाही आणि दुसऱ्याला लावूही देत नाही.

या अनुभवाचा विस्तार करणे अवघड नाही. जाळरेषेची मजुरी गवत वाळण्यापूर्वी उपलब्ध व्हावी. जंगलालगतच्या ग्रामसभांना ठरावीक पट्ट्यातील गवत कापून नेण्याचा हक्क आणि त्या पट्ट्याची जबाबदारी एकत्रच द्यावी. मोहफुलांच्या हंगामापूर्वी झाडाखालचा पाचोळा झाडून बाजूला करण्यासाठी कुटुंबांना मदत मिळावी, तर ई-वर्ग जमिनीवरील गवताचे नियोजन ग्रामपंचायतींनी पोळा झाल्यावरच हाती घ्यावे. यासाठी नवा कायदा नको, कामाचे वेळापत्रक तेवढे बदलावे लागेल. शासनाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, गवताचे वर्ष मात्र पावसाबरोबर सुरू होते. या दोन वर्षांची सांगड घातली जात नाही, तोवर सातपुड्यावरील आगीची माळ दर उन्हाळ्यात दिसत राहील आणि काटेपूर्णेच्या पात्रात माती येत राहील.