धीर धरायचा, पण हात बांधून नव्हे

उत्तन, पाली, चौक या मीरा-भाईंदरच्या कोळीवाड्यांत पावसाळ्यात मासेमारी बंद असते. राज्यात यांत्रिक नौकांसाठी ही बंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. नौका शाकारल्या जातात, कमाई थांबते, काम मात्र चालूच राहते: जाळी विणायची, इंजिने दुरुस्त करायची, पुढच्या हंगामाची जुळवाजुळव करायची. कॅथलिक कोळ्यांच्या या गावांत धीर या सद्गुणाचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. वाट पाहताना माणूस काय करतो, यावरून धीर ओळखावा. कोणी म्हणेल, कायद्याने लादलेल्या सक्तीला सद्गुण कसे म्हणायचे? नौका किनाऱ्यावर ठेवण्याची सक्ती कायदा करतो हे खरे. पण ते दोन महिने कुरकुरण्यात घालवायचे की तयारीत, हे कायदा ठरवत नाही. सद्गुणाला वाव आहे तो तिथे.

ख्रिस्ती परंपरेनेही धीराला कधी दुबळेपणा मानलेले नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला धैर्याचाच एक भाग मानले. दुःखापुढे विवेकाने शरण जाऊ नये, हे त्याचे काम. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर आवर्जून वाचावा. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखा धीर धरा, असे तो सांगतो; पण त्याआधी काही ओळींवरच मजुरांची मजुरी दाबून ठेवणाऱ्या श्रीमंतांना खडसावतो. धीराचा उपदेश आणि अन्यायाचा निषेध एकाच लेखणीतून, एकाच अध्यायात येतात.

तरीही सर्वांत गंभीर आक्षेप उरतोच. धीराचा उपदेश नेहमी सोसणाऱ्यालाच केला जातो आणि त्याचा फायदा सत्ता असलेल्याला होतो. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. उत्तनजवळच्या धावगीच्या डोंगरावर अख्ख्या शहराचा कचरा येतो. दुर्गंधी आणि आगीचा धूर मात्र आसपासच्या गावांच्या वाट्याला. या लोकांना ‘धीर धरा’ म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. पण त्यांनी वर्षानुवर्षे दिलेली निवेदने आणि केलेली आंदोलने पाहिली, तर धीर तिथेच दिसतो. संताप एका मोर्चापुरता पुरतो. निकाल लागेपर्यंत पाठपुरावा करायला धीरच लागतो. खाडीपलीकडच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली आणि ‘सुबोध बायबल’चे प्रदीर्घ कामही तडीस नेले. दोन्हींसाठी लागणारी चिकाटी एकाच जातीची.

घरातला प्रश्न याहून नाजूक आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा, हट्टी वयातले मूल, लोकलच्या गर्दीतून थकून आलेला जोडीदार, यांच्याशी वागताना धीर रोजच लागतो. तिथे तो टिकला नाही, तर प्रार्थना आणि मिस्सा यांचा परिणाम संशयास्पदच म्हणायचा. पण मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला संसारासाठी धीर धरायला सांगणे श्रद्धेच्या नावावर खपवता येत नाही. कुटुंबावरील २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या उपदेशपत्रात पोप फ्रान्सिस यांनी हे स्पष्ट केले आहे: सतत होणारी वाईट वागणूक किंवा शारीरिक हिंसा सहन करणे म्हणजे धीर नव्हे. समोरचा माणूस आपल्या मनासारखा नसला, तरी त्याला जगण्याचा हक्क आहे हे मान्य करणे म्हणजे धीर. दुसऱ्याच्या अपुरेपणाला त्यात जागा आहे, अत्याचाराला नाही.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामात एक साधा नियम असावा. ज्याला धीर धरायला सांगायचे, त्याचा थोडा भार आधी स्वतः उचलायचा. आजाऱ्यापाशी एक रात्र बसावे, अर्जावर सही करावी, पीडितेला आसरा मिळवून द्यावा. एवढे करायची तयारी नसेल, तर उपदेश करण्याचा अधिकारही नाही.