समुद्रशैवाल आणि किन्हवलीची तळी

समुद्रशैवाल हे उद्याचे मत्स्यखाद्य, अशी ग्वाही हल्ली वारंवार दिली जाते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शैवाल-लागवडीस स्थान मिळाल्यापासून तिला विशेष जोर आला आहे. परंतु समुद्रापासून दूर असलेल्या किन्हवलीच्या भातपट्ट्यात ज्याने तळे राखले आहे, त्याने या ग्वाहीचा अर्थ काय लावावा?

या कल्पनेमागील हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. संवर्धित कोळंबीच्या खाद्यात लहान मासळीची भुकटी मोठ्या प्रमाणात घालतात. जी मासळी सुकवून गरिबाच्या घरी जावी, तीच दळली जाऊन सधनांच्या ताटातील कोळंबी पोसते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पावसाळ्यात सुक्या मासळीचा आधार असतो. तेव्हा हा प्रश्न केवळ किनाऱ्याचा नव्हे.

तथापि शैवाल या भुकटीची जागा सर्वस्वी घेईल, हा समज फोल होय. ताज्या शैवालात शेकडा ८० ते ९० भाग पाणीच असते. वाळवल्यावरही बहुतेक जातींत प्रथिने भुकटीहून पुष्कळ कमी आणि क्षार अधिक. अल्प प्रमाणात मिसळल्यास खनिजे मिळतात, खाद्याची गोळीही पाण्यात लवकर फुटत नाही. प्रमाण फार वाढविल्यास मात्र माशांची वाढ मंदावते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

शिवाय रोहू, कटला, मृगळ यांना आपल्याकडे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालण्याची रीत आहे. जेथे मासळीची भुकटी वापरलीच जात नाही, तेथे शैवालाने ती वाचणार कशी? कोंडा तर गावच्या भातगिरणीत मिळतो. शैवाल मात्र किनाऱ्यावर वाळवून, वाहतुकीचा भार सोसून घाटपायथ्याशी आणावे लागेल.

म्हणून शैवालाचा पहिला मान कोळंबीच्या खाद्याला द्यावा. गोड्या पाण्यातील तळ्यांसाठी आधी प्रयोग व्हावा, प्रचार नंतर. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीस मत्स्य महाविद्यालय आहे. त्याने शहापूर तालुक्यात दोन तळी निवडावीत; एकात नुसता कोंडा-पेंड, दुसऱ्यात थोडे शैवाल मिसळून घालावे, आणि हंगामाअखेर माशांचे वजन व खर्चाचा हिशेब मराठीत प्रसिद्ध करावा. अनुदानाच्या घोषणेपेक्षा असा एक प्रामाणिक हिशेब शेतकऱ्याच्या अधिक उपयोगी पडेल.