तीनशे शब्दांच्या पलीकडे

राज्यसभेची मुदत किती, राष्ट्रपती व्हायला वय किती लागतं, हे आमच्या बेळगावातली नववीतली पोरं घडाघडा सांगतात. पण पोलिसांनी त्यांच्यातल्या एखाद्याला उद्या उचललं तर पुढं काय होतं, विचारून बघा. उत्तर ठरलेलं : "अठराच्या आत काही होत नाही!"

हे शिकवलं कुणी? मोबाईलनं आणि कट्ट्यानं. बाल न्याय कायदा शाळेत शिकवा म्हटलं की मात्र पालकसभेत कुणीतरी म्हणतंच, "कशाला बाई, पोरं शेफारतील." अहो, शेफारायला पुरेल एवढी अर्धी माहिती त्यांच्या खिशात आहेच. उरलेली अर्धी तेवढी आपण द्यायची आहे.

2015 च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक चौकशी करून त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायला पाठवू शकतं. सतरा वर्षांच्या मुलीनं 'हो' म्हटलं तरी पॉक्सो कायदा ते मानत नाही. मग "काही होत नाही" कसं?

आणि हक्कही सांगा. चोवीस तासांत मंडळापुढं हजर करायचं. लॉकअप नाही, तुरुंग नाही, बेड्या नाहीत. वकील फुकट. मंडळावर मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजसेवक, त्यात एक तरी बाई. पेपरात नाव छापायचं नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोघं गेले. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, यावर देश खवळला आणि हसलाही. तीनच दिवसांत मंडळानं त्याला निरीक्षणगृहात धाडलं आणि जूनमध्ये हायकोर्टानं ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला लावलं, हे कुठल्या वर्गात समजावलं गेलं? संताप आला तरी कायद्याला पायरी सोडता येत नाही, हाच तर नागरिकशास्त्राचा धडा!

ज्याच्या बापाला रात्री अकराला वकील मिळतो, त्याचं या धड्यावाचून अडत नाही. अडतं ते चार घरची भांडी घासणारीच्या पोराचं. गल्लीत सायकल हरवली की पहिला आळ त्याच्यावर, आणि दोन थपडांत तो न केलेलंही कबूल करतो. कबूल करायच्या आधी त्याला एवढं तरी ठाऊक असावं, की कायद्यानं त्याला आधी निर्दोषच धरलंय.

राष्ट्रपती वर्गातला एखादाच होईल. चौकीची पायरी कुणालाही चढावी लागेल. परीक्षेला कोणता प्रश्न घालायचा, गुरुजी, तुम्हीच ठरवा.