प्रयोगशाळेतील सुगंध आणि शेतातील हिशेब

पाव फुगविणे आणि मद्य आंबविणे ही दोन कामे यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव माणसासाठी हजारो वर्षे करीत आला आहे. गेल्या दोन दशकांत त्याच्यावर तिसरे काम सोपविण्यात आले : साखर खाऊन औषधाची, स्वादाची आणि अत्तराची द्रव्ये निर्माण करण्याचे. या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक जे कीसलिंग यांचे नाव अग्रभागी आहे. १९६४ साली जन्मलेला हा शास्त्रज्ञ अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील एका शेतावर वाढला. त्याची कारकीर्द विज्ञानाच्या दृष्टीने पाहिली तर यशाची मालिका वाटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिली तर मात्र तिच्यातून निराळाच धडा निघतो. काय निर्माण करता येईल हे शास्त्र ठरविते; त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडणार आणि तोटा कोणाच्या माथी बसणार, हे बाजार आणि कायदा ठरवितात.

मूळ युक्ती समजण्यास अवघड नाही. यीस्टची पेशी स्वतःच्या गरजेसाठी साखरेपासून पंधरा कार्बन अणू असलेले एक मधले रसायन बनवीत असते. ते रसायन म्हणजे जणू एक चौफुली होय. तेथून कोणती वाट धरावयाची हे विकरे ठरवितात. योग्य वनस्पतीतील विकराचे जनुक यीस्टमध्ये बसविले, की त्याच चौफुलीवरून एक वाट मलेरियाच्या औषधाकडे जाते, दुसरी पॅचुलीच्या सुगंधाकडे, तर तिसरी फार्नेसिन नावाच्या तेलकट द्रव्याकडे.

कीसलिंग यांनी प्रथम औषधाची वाट धरली. मलेरियावरील आर्टेमिसिनिन हे औषध एका झुडपापासून मिळते आणि त्याचे भाव सतत वरखाली होत असतात. २००४ साली गेट्स प्रतिष्ठानने या संशोधनासाठी ४ कोटी २६ लक्ष डॉलर दिले. २००६ साली यीस्टकडून या औषधाचे पूर्वद्रव्य लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम मिळाले. २०१३ पर्यंत ते प्रमाण २५ ग्रॅमवर, म्हणजे अडीचशे पटींवर गेले. सानोफी या औषध कंपनीने इटलीतील गारेसिओ येथे उत्पादनही सुरू केले. परंतु एवढ्यात शेतकऱ्यांनी झुडपाची लागवड वाढविली होती आणि वनस्पतिजन्य औषधाचा भाव यीस्टच्या औषधाच्या उत्पादनखर्चाखाली घसरला होता. २०१५ साली या औषधाच्या शोधाबद्दल चीनच्या तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी गारेसिओच्या कारखान्यात या औषधाचे उत्पादन शून्य होते. स्वस्त श्रमाच्या शेतीने अद्ययावत कारखान्यावर मात केली. हा शेतकऱ्याचा विजय म्हणावा, तर तो पडलेल्या भावाने मिळालेला विजय होता!

इंधनाकडून अत्तराकडे

कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली स्थापन केलेल्या अमायरिस कंपनीने पुढे फार्नेसिनपासून डिझेल करण्याचे स्वप्न पाहिले. २०१० साली तिचे समभाग बाजारात आले. २०१२ च्या अखेरीस ब्राझीलमधील ब्रोतास येथे, उसाच्या पट्ट्यात, तिचा कारखाना सुरू झाला. परंतु साध्या त्रैराशिकाने हे स्वप्न मोडले. साखरेपासून वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच फार्नेसिन मिळू शकते. सुमारे चार किलो साखर खर्चून एक किलो तेल काढावयाचे आणि ते खनिज डिझेलच्या भावाने विकावयाचे, हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्याला मान्य होणारा नव्हता.

म्हणून कंपनी कमी वजनाच्या आणि अधिक मोलाच्या मालाकडे वळली. शार्क माशाच्या यकृतापासून मिळणाऱ्या स्क्वालेनला तिने यीस्टचा पर्याय दिला, आणि हा लाभ निःसंशय मोलाचा आहे. २०१४ साली फर्मेनिक या सुगंध कंपनीने तिच्या सहकार्याने पॅचुलीसदृश सुगंधी द्रव्य बाजारात आणले. तथापि कर्ज आणि स्वतःच्या सौंदर्यप्रसाधनांवरील खर्च यांच्या भाराने अमायरिसने ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. यीस्टपासून व्हॅनिलिन करणाऱ्या स्वित्झर्लंडच्या इव्होल्व्हा कंपनीलाही त्याच वर्षाअखेरीस आपला उद्योग कॅनडाच्या लालमाँ कंपनीला विकावा लागला.

या अपयशांवरून शेतकऱ्यांना आता धोका नाही असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. कंपन्या बुडतात, तंत्र बुडत नाही, ते फक्त अधिक श्रीमंत हातांत जाते. शिवाय इंधनात हरलेले यीस्ट जिंकू शकते ते नेमके महाग आणि अल्प प्रमाणात लागणाऱ्या द्रव्यांत. म्हणजे ज्या पिकांवर लहान शेतकरी दोन पैसे अधिक मिळवितो, त्याच पिकांत. त्यात कायद्याचीही भर पडते. युरोपच्या २००८ च्या नियमांनुसार वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून सूक्ष्म जीवांच्या प्रक्रियेने मिळविलेले स्वादद्रव्य ‘नैसर्गिक’ म्हणता येते. मादागास्करच्या शेतकऱ्याने प्रत्येक फुलाचे हाताने परागीकरण करून पिकविलेली व्हॅनिला आणि पोलादी टाकीतील व्हॅनिलिन यांना त्यामुळे एकच विशेषण लाभू शकते.

निळीचा धडा

भारताला हा प्रसंग नवा नाही. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारमधील निळीचा भाव कोसळला. परंतु तो तोटा मळेवाल्यांनी सोसला नाही. निळीच्या सक्तीतून मुक्त करण्याच्या मोबदल्यात त्यांनी कुळांचे खंड वाढविले, रोख भरपाई वसूल केली. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागे हे दुखणे होते. रसायनशास्त्राने नीळ स्वस्त केली. तिची किंमत कुळाने मोजली.

त्याच बीएएसएफने २०२० साली किण्वनाने, यीस्टऐवजी एका जिवाणूकडून, चंदनतेलाला पर्याय देणारे द्रव्य बाजारात आणले. खऱ्या चंदनाचे स्थान त्यामुळे एका रात्रीत जाणार नाही, हे खरे. तरी कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही अनेक शेतकऱ्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर चंदन लावले आहे, आणि या झाडाचा गाभा भरण्यास पंधरा वर्षे तरी लागतात. मलेरियाच्या झुडपाचा शेतकरी पुढच्या हंगामात पीक बदलू शकतो. चंदनाच्या शेतकऱ्याला ती मुभा नाही. प्रयोगशाळेची गती आणि झाडाची गती यांतील हे अंतर म्हणजेच त्याची जोखीम होय.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायोई३’ धोरणास मान्यता देऊन जैविक रसायनांच्या निर्मितीला उत्तेजन देण्याचे ठरविले. यीस्टचे खाद्य साखर असल्यामुळे महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्याला त्यात संधी दिसणे स्वाभाविक आहे. या संधीकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. परंतु पेटंट परक्याचे, टाकी भांडवलदाराची आणि ऊस तेवढा आपला, अशी वाटणी झाली तर उत्पादकाच्या वाट्यास साखरेच्या भावापलीकडे काही येणार नाही. सहकारी कारखान्यांना या उद्योगात भागीदारी, सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावर सार्वजनिक हक्क, शेतातील मालाची वेष्टनावर स्वतंत्र ओळख, आणि सुगंधी पिके लावण्यास सांगताना पर्यायी द्रव्यांच्या स्पर्धेची आगाऊ सूचना, एवढे तरी धोरणात असले पाहिजे.

यीस्टला कोणाचे हित कळत नाही. त्याला मिळेल ती साखर ते खाते आणि सांगितलेले द्रव्य देते. हित जपण्याचे काम राज्यकर्त्यांचे आहे, आणि ते भाव कोसळल्यानंतर नव्हे, तर त्यापूर्वीच व्हावयास हवे.