लग्नाचा केक आणि कोकणाची चव

कोयना प्रकल्पाच्या वीजगृहामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या पोफळीसारख्या गावांपर्यंतही लग्नसमारंभात केक कापण्याची प्रथा आता पोहोचली आहे. ती परकीय म्हणून तिच्यावर कोरडे ओढण्यात अर्थ नाही. बटाटा आणि मिरचीही समुद्रापलीकडूनच आली. विचार करावयाचा तो चवीचा.

वधूवरांपुढे व्हॅनिला, बटरस्कॉच, चॉकलेट अशी ठरीव यादी ठेवली जाते आणि तीतून एक नाव उचलणे यालाच निवड समजले जाते. वस्तुतः बाजारातील बहुतेक व्हॅनिलाच्या वासाचा उगम त्या वेलीच्या शेंगेत नसून, १८७४ साली प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध झालेल्या व्हॅनिलिनमध्ये आहे. वैशाखात दारी हापूस पिकत असता केकमध्ये मात्र आंब्याचा वास बाटलीतून यावा, ही विसंगती नव्हे काय?

भाजलेला गोड पदार्थ कोकणाला नवा नाही. काकडीचा कीस, रवा आणि गूळ यांचे धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजण्याची कला येथील गृहिणींना पूर्वापार अवगत आहे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांनी तर रवा आणि नारळ यांचा ‘बातिक’ आपल्या सणासमारंभांत रुजविला. रीत बाहेरची आणि जिन्नस घरचे, असा मेळ बसू शकतो.

नारळ, जायफळ, आमरस यांचा केक आग्रहाने मागितला, तर बेकरीवाला तो करील आणि त्यातील चार पैसे बागायतदाराच्या घरी जातील. गिऱ्हाइकाने मागितल्यावाचून दुकानदाराची यादी बदलत नाही. लग्न ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणि सुशिक्षित तरुणांनी एवढे ध्यानी घ्यावे.